छोट्या बोटीमागे वेकबोर्डिंग करायचंय, दोरी कुठली घ्यायची आणि बांधायची कुठे?

मार्वेचा_मंग्या
मंडळी नमस्कार. मी आणि मेव्हण्याने मिळून सेकंडहँड फायबरची बोट घेतलीये, १५ फुटी, मागे ४० एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, टिलरवालं, म्हणजे स्टिअरिंग वगैरे काही नाही, मागे बसून दांडा धरायचा आणि चालवायची. आधीचा मालक गळ टाकायला वापरायचा. बोट मनोरीला ओळखीच्या एका काकांकडे ठेवलीये. मेव्हणा चार वर्षं दुबईत होता, तिथे त्याला वेकबोर्डिंगचं, म्हणजे बोटीला बांधलेली दोरी धरून फळीवर उभं राहून पाण्यावरून घसरत जायचं, वेड लागलं, येताना बोर्ड आणि बाइंडिंग (बोर्डवर पाय अडकवायचे बूट) घेऊन आला, १३८ सेंटिमीटरचा बोर्ड आहे, पण दोरी आणि हँडल आणलं नाही कारण बॅगेचं वजन जास्त होत होतं आणि ताईच्या सामानापुढे त्याचं काय चालणार.

तर प्लॅन असा आहे की भाऊच्या धक्क्यावरून १० एमएमची पांढरी नायलॉन दोरी घ्यायची, साधारण ७० फूट, हँडलला पीव्हीसीचा पाइप आतून दोरी ओवून, आणि दुसरं टोक इंजिनच्या ब्रॅकेटला बांधायचं कारण बोटीत तेवढीच एक मजबूत वस्तू दिसते. वजन म्हणाल तर मी ८४ किलो, तो ६२. प्रश्न एवढेच की ४० एचपी मला ओढेल का, दोरी ही चालेल का, आणि खाडीत करावं की बाहेर समुद्रात. बोटीवर दोरी उंचावर बांधायचा टॉवर लावलेले व्हिडिओ बघितले, तसलं काही आपल्या बोटीला लागेल का तेही सांगा. बजेट फार नाहीये.

बोरिवली_बंदर
आधी मेव्हण्याला ओढा. ६२ किलो आहे, इंजिनचा अंदाज येईल आणि ताईच्या तक्रारी पण कमी होतील हाहा

सईची_फळी
मंग्या, तुझ्या प्लॅनमधल्या तिन्ही गोष्टी बदलाव्या लागतील, वाईट वाटून घेऊ नकोस.

नायलॉन विसरून जा. नायलॉन ताणलं जातं, म्हणूनच ते नांगराला आणि बंद पडलेली बोट ओढायला चांगलं, झटका पचवतं. वेकबोर्डला नेमकं तेच नको असतं. तू बोर्डच्या कडेवर दाब देऊन बोटीच्या लाटेकडे यायला लागलास की तुझी अर्धी ताकद दोरी लांब करण्यातच जाते आणि मग ती एकदम आखडते तेव्हा खांद्याला झटका बसतो. आणि त्याहून वाईट म्हणजे पडताना हातातून हँडल सुटलं की ताणलेली दोरी हँडलसकट बोटीकडे उडत येते. आता तुझ्या बोटीत अगदी मागे कोण बसलेलं असणार? टिलर धरलेला माणूस. त्याचं डोकं थेट त्या रेषेत.

दुकानात पीपीला (पॉलिप्रॉपिलीन) सुद्धा सर्रास नायलॉनच म्हणतात त्यामुळे नावावर जाऊ नकोस, तुकडा मागून घे आणि पाण्याच्या बादलीत टाक. नायलॉन बुडतं, घनता १.१४ आहे. पीपी ०.९१, पॉलिइथिलीन ०.९५, डायनिमा ०.९७, हे तिन्ही तरंगतात. आणि तरंगणारी दोरीच पाहिजे, बुडणारी दोरी प्रॉपमध्ये, म्हणजे इंजिनच्या पंख्यात, जाते, त्यात जर-तर नाही. पण मच्छीमारीची तीन पेडांची पिळाची दोरी तरंगली तरी घेऊ नको, ताण आला की पीळ उलगडतो आणि हँडल हातात फिरायला लागतं. विणलेली दोरी घे. वेकबोर्डची तयार दोरी ऑनलाइन मिळते, पॉलिइथिलीनची स्वस्तातली घेतलीस तरी शिकायला पुरते, डायनिमा अजिबात ताणत नाही पण महाग आहे आणि तुम्हाला आत्ता गरज नाही.

लांबी ७० फूट आत्ता नको. ६५-७५ फूट हे उड्या मारणाऱ्यांसाठी, तेही मोठी लाट पाडणाऱ्या बोटीमागे. नवशिक्याला ४५ ते ५५ फूट बास. छोट्या बोटीची लाट पण छोटी असते आणि मागे जाईल तशी पसरून विरते, त्यामुळे जवळ राहिलास तरच काहीतरी हाताला लागेल. तयार दोरीला मध्येमध्ये फासे असतात, तसली घेतली की कमी-जास्त करता येते.

पीव्हीसीचा पाइप तर नकोच नको. उन्हात ठिसूळ होतो आणि फुटला की कडा सुरीसारख्या. हँडल तयारच घे, साधारण १५ इंच रुंद, स्कीचं असतं त्यापेक्षा रुंद, वर मऊ ग्रिप आणि पोटात फोम म्हणजे पाण्यावर दिसतं. एवढ्या एका गोष्टीत पैसे वाचवू नको.

खारदांड्याचा_नाखवा
सईताईनी दोरीचं बरोबर सांगितलं. मी पाण्याचं सांगतो, कारण मनोरी खाडी म्हणजे स्विमिंग पूल नाही रे बाबा.

वेकबोर्डला सपाट पाणी लागतं असं माझा पुतण्या म्हणतो. आपल्याकडे सपाट पाणी मिळतं ते दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, सकाळी, मतलई वारा असतो तेव्हा. जमिनीवरून हलका वारा येतो, पाणी काचेसारखं. अकरा-बारा वाजले की समुद्रावरून खारा वारा सुरू होतो आणि दुपारी नुसती थपथप, त्या पाण्यात तुझी १५ फुटी बोटच नाचेल, मागचा माणूस काय उभा राहणार. एप्रिल-मे मध्ये वारा सकाळीच चढतो. जून-जुलै मासेमारीच बंद असते, तेव्हा तू पण घरी बस, नारळी पुनवेपर्यंत बोटीला हात लावायचा नाही.

आता सकाळ म्हटलं की सगळे मोबाइलवर वारा बघतात आणि भरती बघत नाहीत. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. आणि आपल्याकडे पुनव-अमावस्येला भरती येते दुपारी बाराच्या पुढेमागे, म्हणजे सकाळी सहा-सातला खाडी सुकलेली. वारा मस्त, पाणी काच, आणि खाली फूटभर गाळ. मधला पट्टा सोडला तर प्रॉप चिखलात. त्यात तू पडलास तर कमरेपर्यंत चिखलात रुतशील, बोर्ड पायाला बांधलेला.

म्हणून जुना हिशोब लक्षात ठेव, तिथीची पाऊणपट. शाळेत पाऊणकी शिकला असशील तर. चतुर्थीला चार पाऊण तीन, भरती तीनला. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे पहाटे सहा आणि संध्याकाळी सहा. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, नक्की वेळ टाइड टेबलात बघायची, पण दिवस निवडायला हे पुरतं. अष्टमी-नवमीला भांग असतो, पाणी कमी चढतं-उतरतं, ओढ पण कमी, आणि सकाळी खाडी भरलेली. तुमच्या खेळाला हेच दिवस. उधाणाच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीच्या तोंडाशी जी ओढ असते त्यात पडलेला माणूस बोट वळवेपर्यंत कुठल्या कुठे जातो.

दुसरं, जाळी. खाडीच्या तोंडाला आणि बाहेर डोलीची जाळी लागतात, खुंटांना बांधलेली. भरतीत जुने खुंट पाण्याखाली जातात, वरून काही दिसत नाही. एका सकाळी सुकतीला बोट हळू चालवत जा आणि खुंट कुठे कुठे आहेत ते बघून मोबाइलच्या मॅपवर खुणा करून ठेव. आणि तिथल्या लोकांना विचार की बाबांनो आम्हाला हा हा खेळ करायचाय, कुठे करू. विचारलंस तर स्वतःहून जागा दाखवतील. न विचारता नांगरलेल्या होड्यांच्या शेजारून फुल थ्रॉटल गेलास तर तुझ्या लाटेनं त्यांच्या होड्या एकमेकांवर आपटतात, मग काय बोलतील ते इथं लिहिता येणार नाही. मार्वे-मनोरी फेरीच्या वाटेवर तर नाहीच.

मार्वेचा_मंग्या
नाखवा दादा हे पाऊणकीचं भारी आहे, आईला विचारलं तर तिला पूर्ण पाठ आहे. सई ताई दोरी ऑनलाइन बघतो. म्हणजे आता राहिला प्रश्न बांधायचं कुठे आणि इंजिन. एक मित्र म्हणतोय की बोटीच्या मध्यभागी उंच पाइप उभा करून त्याला बांध, वरून ओढलं की उडी चांगली जाते. फॅब्रिकेशनवाला ओळखीचा आहे.

प्रॉपवाला_माझगाव
मित्राला सांग स्वतःच्या बोटीत कर.

उंचावरून ओढलं की फायदा होतो हे खरं, पण ते दीड-दोन टनांच्या बोटींना. तुझी बोट इंजिन धरून काही शे किलो असेल. ८४ किलोचा माणूस बाजूला कट मारून जोर लावतो तेव्हा उंच पाइप बोटीला कलवतो, जितका उंच तितकी तरफ मोठी. टिलरवर बसलेला माणूस आधीच एका बाजूला बसलेला असतो. वर तो पाइप फायबरच्या पातळ तळावर उभा राहणार, एक सीझन नाही टिकणार. टॉवर ही तशी नंतर आलेली गोष्ट आहे, त्याआधी लोक मागच्या कडीला बांधूनच खेळायचे आणि बरे खेळायचे.

इंजिनच्या ब्रॅकेटला बांधायचं नाही. ताण एका बाजूने आला की इंजिन वळवायला जड जातं, टिलर हातात ओढ खातो, आणि दोरी काउलवर, म्हणजे इंजिनच्या झाकणावर, घासते ते वेगळंच. सीटला नाही, क्लीटला (बोट बांधायची खुंटी) पण नाही, छोट्या बोटीतले क्लीट बऱ्याचदा नुसत्या स्क्रूवर असतात, उपटून आले तर दोरीच्या टोकाला लोखंड बांधून गोफण फिरवल्यासारखं होईल.

बरोबर पद्धत म्हणजे मागच्या फळीवर, ट्रान्समवर, डावीकडे एक उजवीकडे एक असे दोन यू-बोल्ट. एसएस ३१६ घे, ३०४ खाऱ्या पाण्यात टिपके पडून सडतं. दारूखान्याच्या बाजूला शोधलंस तर मिळेल, दुकानदार सगळ्यालाच ३१६ म्हणतो त्यामुळे बिलावर लिहून घे. आतल्या बाजूने जाड बॅकिंग प्लेट पाहिजेच, नुसता वॉशर लावला तर एक दिवस फळीतून ओढला जाईल. फळीच्या आत बहुतेक प्लाय असेल. भोक पाडलंस की आतला भुसा हातात घेऊन बघ, ओला काळा निघाला तर फळी सडलीये, मग वेकबोर्ड राहू दे, आधी ट्रान्सम कर, कारण ४० एचपी पण त्याच फळीवर लटकलंय. भुसा कोरडा असेल तर भोकात मरीन सीलंट भरून बोल्ट आवळ.

दोन यू-बोल्टना मिळून ब्रायडल, म्हणजे व्ही आकाराची दोरी, इंजिनच्या मागून जाणारी. व्हीचं टोक इंजिन पूर्ण वळवलं तरी त्याच्या मागे दीड-दोन फूट राहिलं पाहिजे. टोकावर पुली आणि फ्लोट असलेलं तयार मिळतं. फ्लोट शोभेला नसतो, सुरुवातीला दोरी सैल असते तेव्हा ब्रायडल पाण्यात पडतं आणि प्रॉप तिथून हातभर अंतरावर असतो.

इंजिन ओढेल का. ६२ किलोला आरामात. तुला पण ओढेल, पण सेटिंग करावं लागेल. तुझ्या बोटीत सगळं वजन मागे आहे, इंजिन, चालवणारा, पेट्रोलची टाकी. बोट उठताना नाक आभाळात जातं आणि प्लेनवरच, म्हणजे पाण्यावर घसरायलाच, येत नाही. टाकी पुढे ने, बॅटरी असेल तर ती पण, आणि बघणारा माणूस मधल्या फळीवर बसव. इंजिनचा ट्रिम, म्हणजे कल, आत घे, टिल्ट पिन असेल तर सगळ्यात आतलं भोक.

मग प्रॉप. आधीचा मालक आरामात गळ टाकत फिरायचा म्हणजे बहुतेक १३ पिचचा असेल (पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रॉप किती इंच पुढे सरकेल तो आकडा), प्रॉपवर कोरलेलं असतं बघ. ११ चा लाव. टॉप स्पीड थोडा जाईल पण तुला तो नकोच आहे, तुला शून्यातून उठायची ताकद पाहिजे. एक इंच पिच कमी केलं की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, म्हणून टॅकोमीटर उसना आणून फुल थ्रॉटलला बघ, तुझ्या इंजिनच्या मॅन्युअलमधल्या रेंजच्या वर जाता कामा नये, बहुतेक ४० च्या टू-स्ट्रोकला ४५०० ते ५५०० असते. आणि नवा प्रॉप आणला म्हणून जुना विकू नको, लांबच्या फेरीला तोच लाव.

सईची_फळी
ब्रायडल बद्दल सहमत. फक्त पुली आधी नको असं माझं मत, नवीन माणूस एका बाजूला गेला की पुली सरकत त्या बाजूला जाते आणि चालवणाऱ्याला कळत नाही की ओढ कुठून येतेय. फिक्स टोक असलेलं घे.

प्रॉपवाला_माझगाव
ताई उलट आहे. फिक्स टोकाला रायडर बाजूला गेला की सगळा ताण एकाच बोल्टवर येतो आणि बोटीची शेपटी ओढली जाते. एवढ्या हलक्या बोटीला पुलीच बरी.

सईची_फळी
मोठ्या बोटीवर मला फिक्सचा त्रास कधी झाला नाही, पण हलकी बोट आणि टिलर म्हणताय तर मानते. मंग्या पुलीवाला घे.

गिरगावकर_निवृत्त
दोर आणि बोल्ट सगळं झालं, कागदांचं कोणी बोललं नाही. बोट मेरीटाइम बोर्डाकडे नोंदलेली आहे का? सेकंडहँड म्हणताय म्हणजे आधीच्या मालकाच्या नावावर असेल, ती तुमच्या नावावर झाली का? सर्व्हे आणि विमा? चालवणाऱ्याकडे काही प्रशिक्षण? २००८ साली २६/११ ला ते दहा जण इंजिन लावलेल्या रबरी होडीतूनच कफ परेडला उतरले होते, तेव्हापासून पहाटे छोटी अनोळखी बोट जोरात फिरताना दिसली की किनाऱ्यावरचे लोक लगेच फोन करतात आणि ते करतात तेच बरोबर आहे. तेव्हा स्थानिक पोलीस ठाण्यात आणि मच्छीमार सोसायटीत आधी सांगून ठेवा, कागद प्लास्टिकच्या पिशवीत बोटीतच ठेवा. सागरी पोलिसांचा नंबर १०९३, तटरक्षक दलाचा १५५४, दोन्ही सेव्ह करा.

आणि ट्रायल म्हणून गेटवेच्या बाजूला अजिबात जाऊ नका. १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाची स्पीडबोट इंजिनची चाचणी घेत असतानाच एलिफंटाच्या नीलकमल फेरीवर आदळली होती. ती तर सरावलेल्या लोकांची बोट. गोव्याला राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे पॉवरबोट चालवायचा कोर्स असतो, तुमच्यापैकी एकाने तरी करून या.

बोरिवली_बंदर
पवई तलावात केलं तर? भरती नाही ओहोटी नाही, आणि घराच्या जवळ

खारदांड्याचा_नाखवा
पवईत मगरी आहेत. ६२ किलोवाल्याला आधी पाठवतो म्हणालास ना.

मार्वेचा_मंग्या
हाहा मेव्हण्याला हा धागा दाखवणार नाही.

काका, नोंदणी ट्रान्सफरला टाकलीये, विम्याचं विचारतो. कोर्सचं पण बघतो, मेव्हण्याला गोव्याला जायला कारणच पाहिजे.

सई ताई अजून विचारतो, मी आयुष्यात कधी उभा राहिलेलो नाही बोर्डवर. व्हिडिओत लोक पाण्यात बसलेले असतात आणि एकदम उभे राहतात. ते कसं? आणि चालवणाऱ्याने किती स्पीड द्यायचा, आमच्या बोटीत स्पीडोमीटर नाही. दोघंच गेलो तर चालेल का? आणि लाटेवर दोरी सोडून नुसतं तरंगत जातात ते वेकसर्फिंग पण आमच्या बोटीमागे होईल का?

सईची_फळी
शेवटचं आधी. वेकसर्फिंग आउटबोर्डमागे नाही, कधीच नाही. त्यात माणूस बोटीच्या अगदी पाठीला असतो, पडला की प्रॉपच्या दिशेने आणि धूर पण तोंडावर. ते ज्या बोटींमागे करतात त्यांचा प्रॉप बोटीच्या खाली पुढे असतो. विषय बंद.

दोघंच गेलात तर चालणार नाही. एक चालवणारा जो पुढे बघतो, एक बघणारा जो फक्त मागे बघतो, आणि एक पाण्यात. टिलरवरचा माणूस मान वळवून मागे बघत बसला तर पुढचा बोया दिसत नाही. आणि बघणारा म्हणजे मोबाइलवर शूट करणारा नव्हे. चालवणाऱ्याच्या मनगटाला किल कॉर्ड, म्हणजे तो पडला तर इंजिन बंद करणारी दोरी, ती टिलरला गुंडाळून ठेवायची सवय असते लोकांची, मग ती काय कामाची.

आता उभं राहायचं. पाण्यात पाठीवर, गुडघे छातीशी, बोर्ड आडवा, दोरीच्या काटकोनात, त्याची कड वर दिसेल असा. हात सरळ, गुडघ्यांच्या बाहेरून. बोट निघाली की सगळे एकच करतात, हँडल छातीकडे ओढतात आणि पाय सरळ करतात. तसं केलं की बोर्ड नांगर होतो, पाणी सगळं तोंडावर. काहीच करायचं नाही, गोळा होऊन बसून राहायचं, बोट तुला वर आणते. बोर्ड पाण्यावर आला की मग हळू उठायचं आणि पुढचा पाय बोटीकडे वळू द्यायचा, हँडल पुढच्या कमरेजवळ. तू ८४ किलो आणि बोर्ड १३८ म्हणजे जरा लहानच आहे, १४२ च्या आसपासचा कुणाकडून मिळाला तर कमी ताकदीच्या इंजिनला फार फरक पडतो, रुंद बोर्ड कमी स्पीडला वर येतो.

चालवणाऱ्याने झटका द्यायचा नाही. आधी गिअरमध्ये टाकून दोरी ताणून घ्यायची, पाण्यातला माणूस ओरडून सांगेल तेव्हाच थ्रॉटल, एकसारखा वाढवत. स्पीड मोबाइलच्या जीपीएसवर बघ, शिकताना २५ ते ३० किमी, पुढे जमायला लागलं की ३० ते ३५. माणूस वर आला की थ्रॉटल थोडा मागे घ्यायचा, नाहीतर एचपी कमी म्हणून फुल उघडलेला असतो आणि बोट एकदम पळते.

खुणा आधी जमिनीवर ठरवून घ्या. अंगठा वर म्हणजे वाढव, खाली म्हणजे कमी कर, डोक्यावर थाप म्हणजे परत चल, गळ्यावर हात म्हणजे बंद कर. आणि पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडून गोल करायचा म्हणजे मी ठीक. तो दिसला नाही तर धावत जा. हाताला दोरी गुंडाळायची नाही, हँडलमध्ये कोपर किंवा पाय घालायचा नाही, गंमत म्हणून पण नाही.

जाकीट फेरीत देतात ते केशरी ठोकळ्यांचं नको, पडलं की ते वर सरकून तोंडावर येतं. अंगाला घट्ट बसणारं, पट्ट्यांचं बॉयन्सी जाकीट घे. इम्पॅक्ट वेस्ट म्हणून मिळतं ते दिसायला भारी असतं पण बरेचसे माणसाला तरंगवण्यासाठी प्रमाणित नसतात, शिकताना ते नको.

प्रॉपवाला_माझगाव
पडलेल्या माणसाला उचलायचं राहिलं. थ्रॉटल बंद, मोठा गोल नाही, हळू वळायचं, आणि चालवणाऱ्याला तो सतत दिसेल अशा बाजूने जवळ यायचं. त्याला परत दोरी द्यायची असेल तर त्याच्याभोवती हळू चक्कर, दोरी आपोआप त्याच्या हाताला लागते. बोटीत घ्यायचा असेल तर इंजिन बंद. न्यूट्रल म्हणजे बंद नव्हे, जुन्या टू-स्ट्रोकचे गिअर घसरतात. आणि दोरी पाण्यात असताना रिव्हर्स कधीच मारायचा नाही.

तरी एखाद दिवशी दोरी किंवा जाळ्याची तंगूस गुंडाळली जाणारच, आपल्या खाडीत तर हमखास. ती वरवर कापून सोडून देऊ नको. प्रॉप काढून मागे शाफ्टवर बघ, बारीक तंगूस ऑइल सील कापते, मग गिअर ऑइलमध्ये पाणी जातं. खालचा स्क्रू सैल करून थेंब बघायचा, दुधासारखा पांढरट आला की समज सील गेलं. चालवताना इंजिनच्या मागून जी पाण्याची बारीक धार पडते तिच्याकडे दर थोड्या वेळाने बघायची, धार बारीक झाली की प्लास्टिकची पिशवी इनटेकवर बसलीये, लगेच बंद कर आणि काढ. घरी आल्यावर गोड्या पाण्याने दहा मिनिटं फ्लश. दोरी पण गोड्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळवायची, मिठाने आणि उन्हाने दोरी फुलते, केस निघाल्यासारखी दिसायला लागली की ती कपडे वाळत घालायला.

बोरिवली_बंदर
आणि मुलांना बसवून हवेची ट्यूब ओढायला हीच दोरी चालेल ना? मुलं मागे लागलीत

सईची_फळी
नाही. ट्यूबची दोरी वेगळी. ट्यूब पाण्यात जड असते, नाक घुसलं की प्रचंड ओढ येते. अमेरिकेतल्या वॉटर स्पोर्ट्स इंडस्ट्री असोसिएशनचा नियम एका माणसाच्या ट्यूबला किमान १५०० पौंड ताकदीची दोरी, दोघांना २३७५, चौघांना ४१००. शिवाय गाठ मारली की दोरीची बरीच ताकद जाते, म्हणून फासा विणून घेतलेलीच घ्या. आणि मुलांना घेऊन ४० एचपीमागे वळणं घेऊ नका, बाहेरच्या बाजूला ट्यूब बोटीपेक्षा जोरात जाते.

मार्वेचा_मंग्या
यू-बोल्ट, प्लेट, ब्रायडल, दोरी, हँडल, ११ चा प्रॉप. यादी झाली. भोक पाडून भुसा बघतो आणि इथेच टाकतो फोटो. नाखवा दादा, ट्रान्सम ठीक निघाला तर पहिल्यांदा कधी जाऊ? मी कॅलेंडरात बघितलं तर पुढच्या महिन्यात अष्टमी मंगळवारी येतेय, रविवारी षष्ठी आहे.

खारदांड्याचा_नाखवा
षष्ठीला सहा पाऊण साडेचार. पहाटे साडेचारला भरती, तू सात वाजता पोचशील तेव्हा पाणी उतरत असेल, दहा-साडेदहाला सुकलेलं. पहिला दिवस आहे, चालवणारा पण नवीन. मंगळवारी हाफ डे टाक, सहाला भरती, साडेआठपर्यंत खेळा, पाणी भरपूर असेल. नाहीतर त्याच्या पुढचा रविवार कुठल्या तिथीला येतो बघ, तेरस-चौदस असेल तर सोड, उधाणाची ओढ असते.

मार्वेचा_मंग्या
तेरसच आहे. मंगळवारची सुट्टी टाकतो.